विमान टेकलं म्हणजे उतरलं नव्हे : आडव्या वाऱ्यात धावपट्टी का सुटते?

विमान धावपट्टीवरून घसरून बाजूच्या मातीत रुतलं, अशी बातमी अधूनमधून येते. सोबत चित्रफीत असते : पाऊस, वारा, डुलत उतरणारं विमान, चाकं टेकतात, क्षणभर सगळं ठीक दिसतं आणि मग विमान हळूहळू एका बाजूला ओढलं जातं. बातमीत कारण एका ओळीत येतं, ‘जोरदार वाऱ्यामुळे’. पण तेवढ्याच वाऱ्यात त्याच दिवशी इतर विमानं सुखरूप उतरलेली असतात. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात दोनच शक्यता उरतात. एकतर वैमानिक चुकला, नाहीतर नशीब फुटकं होतं. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. वारा विमानाचं नेमकं काय करतो हे एकदा कळलं, की अशा बातम्या वेगळ्या नजरेने वाचता येतात.

दोन अपघात, एकच शब्द

आपण ‘धावपट्टीवरून घसरलं’ हा एकच शब्दप्रयोग दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. विमान वेळेत थांबू शकलं नाही आणि धावपट्टीचं शेवटचं टोक ओलांडून पुढे गेलं, ही पहिली गोष्ट. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला झाला तो अपघात या प्रकारचा. तिथे वारा पाठीमागून होता आणि विमान धावपट्टीवर बरंच पुढे जाऊन टेकलं होतं. दुसऱ्या प्रकारात पुढे धावपट्टी भरपूर शिल्लक असते, पण विमान बाजूची कड ओलांडतं. पहिल्यात प्रश्न लांबीचा असतो, दुसऱ्यात दिशेचा. या लेखात फक्त दुसऱ्याबद्दल बोलू.

वारा किती ‘आडवा’ आहे, हे कसं ठरतं?

धावपट्टीच्या टोकाला रंगवलेला मोठा आकडा म्हणजे तिची दिशा असते, शेवटचं शून्य काढून टाकलेली. २७ लिहिलेल्या धावपट्टीवर उतरताना विमानाचं नाक साधारण २७० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेकडे असतं. वाऱ्याची दिशा सांगताना मात्र तो कुठून येतोय ते सांगतात. ‘३१० अंश, ३० नॉट’ याचा अर्थ वारा वायव्येकडून येतोय. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा ३० नॉट म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटर.

२७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानासाठी हा वारा समोरून ४० अंश उजवीकडचा झाला. त्याचे दोन भाग पडतात. सुमारे २३ नॉट समोरून येतात आणि ते उपयोगाचे असतात, कारण जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग तेवढा कमी होतो. उरलेले सुमारे १९ नॉट बाजूने येतात. या बाजूच्या भागाला क्रॉसविंड म्हणतात. त्यामुळे ‘वारा ३० नॉटचा होता’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तोच वारा तीस अंशांच्या कोनातून आला तर आडवा भाग निम्मा, १५ नॉट, आणि साठ अंशांतून आला तर सुमारे २६.

विमानतळ बांधताना या सगळ्याचा विचार झालेला असतो. वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहून, वारा बहुतेक काळ ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला धावपट्टी आखतात. वर्षातला किमान ९५ टक्के काळ धावपट्टी वापरता यावी, आडव्या वाऱ्यामुळे बंद पडू नये, अशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची शिफारस आहे. पण उरलेल्या वेळीही विमानं येतच असतात.

हवेत तिरकं का दिसतं?

प्रवाहाला आडवं जाऊन समोरचा घाट गाठायचा असेल तर नावाडी नावेचा रोख घाटाकडे धरत नाही, थोडा प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. नाव तिरकी दिसते, पण जाते नेमकी घाटाकडे. वैमानिक हेच करतो. तो नाक वाऱ्याकडे वळवून ठेवतो आणि विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवरूनच सरकत येतं. उतरण्याचा वेग १४० नॉट आणि आडवा वारा २५ नॉट असेल, तर नाक सुमारे १० अंश वळलेलं असतं. चित्रफितीत हे भीतीदायक वाटतं, म्हणून तीच सर्वांत जास्त पाहिली जाते. खरं तर हा त्या उतरण्यातला तुलनेने स्थिर भाग असतो. हवेच्या दृष्टीने विमान सरळच उडत असतं. तिरकं दिसतं ते जमिनीवर उभं राहून पाहणाऱ्याला.

अडचण पुढे येते. चाकं विमानाच्या नाकाच्या दिशेने बसवलेली असतात, प्रवासाच्या दिशेने नाही. अमेरिकी हवाई दलाच्या बी-५२ या बॉम्बफेकी विमानाची चाकं आडव्या वाऱ्यासाठी वेगळ्या कोनात वळवून ठेवता येतात, पण प्रवासी विमानात ही सोय नसते. दहा अंश तिरकं असताना टेकलं तर टायर आणि चाकांचे दांडे यांच्यावर आडवा ताण येतो. म्हणून टेकण्याच्या अगदी आधी नाक मध्यरेषेकडे आणावं लागतं.

त्यासाठी रडर वापरतात. रडर म्हणजे उभ्या शेपटीच्या मागच्या कडेला बसवलेला, डावी-उजवीकडे वळणारा भाग. वैमानिक पायाने पॅडल दाबतो, रडर वळतं, नाक सरळ होतं. पण नाक सरळ केल्याक्षणी नावाड्याची युक्ती संपते आणि वारा विमानाला बाजूला सरकवू लागतो. शिवाय वाऱ्याकडचा पंख उचलला जाऊ लागतो. म्हणून त्याच वेळी हाताने वाऱ्याकडचा पंख किंचित खाली दाबून धरायचा. पाय एका दिशेला, हात दुसऱ्या दिशेला, आणि विमान जमिनीपासून काही फुटांवर. पंख जास्त खाली गेला तर इंजिन किंवा पंखाचं टोक घासण्याची भीती. खूप आधी सरळ केलं तर विमान बाजूला वाहत जाणार, खूप उशिरा केलं तर तिरकंच टेकणार. मोठ्या विमानांत थोडा तिरकेपणा शिल्लक ठेवून टेकायला मुभा असते. एअरबसच्या मार्गदर्शनात जोरदार आडव्या वाऱ्यासाठी पाचेक अंशांपर्यंत तिरकं टेकणं मान्य आहे.

टेकल्यावर काय होतं?

प्रवासी इथे सुटकेचा श्वास टाकतात. वैमानिकाचं सर्वांत नाजूक काम मात्र इथेच सुरू होतं, आणि ते मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण बातम्यांत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

हवेत असताना विमान हवेवर चालतं. थांबताना ते चाकांवर चालतं. या दोन अवस्थांमध्ये काही सेकंदांचा एक टप्पा असा असतो, जेव्हा ते धड हवेचंही नसतं आणि धड जमिनीचंही नसतं. टेकल्यावरही पंख हवा कापत असतात, त्यामुळे विमानाचं पूर्ण वजन चाकांवर आलेलं नसतं. वजन नाही म्हणजे पकड नाही. म्हणून टेकल्याबरोबर पंखांवरच्या झडपा उभ्या राहतात. त्यांना स्पॉयलर म्हणतात. त्या पंखांची उचल मोडून काढतात आणि वजन चाकांवर टाकतात. खिडकीजवळ पंखाच्या मागे बसला असाल तर तुम्ही त्या उघडताना पाहिल्या असतील. त्या उघडेपर्यंत ब्रेक नीट लागतच नाहीत.

आता शेपटीकडे पाहू. विमानाचं उभं शेपूट त्याच्या गुरुत्वमध्याच्या बरंच मागे असतं. बाजूचा वारा त्याला ढकलतो, शेपटी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जाते आणि नाक वाऱ्याकडे वळतं. छपरावरचा वातकुक्कुट ज्या कारणाने वाऱ्याकडे तोंड करतो, त्याच कारणाने. म्हणजे डावीकडून वारा आला तर विमानाची प्रवृत्ती उजवीकडे जाण्याची नसते, डावीकडे, वाऱ्याच्या तोंडाकडे वळण्याची असते. ‘वाऱ्याने ढकलून बाहेर फेकलं’ असं आपण सहज म्हणतो, पण कित्येक अपघातांत विमान वाऱ्याच्या बाजूलाच बाहेर गेलेलं असतं.

नाक असं वळू नये म्हणून वैमानिक रडर दाबून धरतो. आणि इथे या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा येतो. रडरची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. वेग निम्मा झाला की रडरची ताकद पाव होते. वाऱ्याचा शेपटीवरचा रेटा मात्र तितक्या झपाट्याने कमी होत नाही, कारण वेग कमी होतो तसा वारा विमानावर जास्त तिरका येऊ लागतो. वेग निम्मा झाला तर हा रेटा साधारण निम्मा उरतो. म्हणजे विमान मंदावत जातं तसं रडर अधिकाधिक तोकडं पडत जातं. सुरुवातीला अर्ध्या पॅडलवर भागत होतं, तिथे आता पूर्ण पॅडल दाबावं लागतं. ‘वेग कमी झाला, आता धोका टळला’ ही आपली स्वाभाविक समजूत इथे उलटी ठरते.

हा तुटवडा भरून काढायला चाकं असतात. नाकाचं चाक वळवता येतं आणि डाव्या-उजव्या चाकांना कमी-जास्त ब्रेक लावता येतात. कोरड्या धावपट्टीवर रडरचं काम चाकं हळूहळू हाती घेतात आणि हे हस्तांतर कुणाच्या लक्षातही येत नाही. पट्टी ओली किंवा बर्फाळ असेल तर रडर संपत आलेलं असतं आणि चाकांना अजून पकड मिळालेली नसते. विमानं बहुधा याच फटीत हातची जातात.

जिथे वेग कमी करण्याचं साधनच घात करतं

टेकल्यावर इंजिनांचा मोठा आवाज होतो तो रिव्हर्स थ्रस्टचा. इंजिनाचा झोत पुढच्या बाजूला वळवून विमानाला मागे रेटण्याची ही युक्ती आहे. विमान सरळ असेल तर उत्तम. पण समजा वारा डावीकडून आहे आणि विमानाचं नाक डावीकडे थोडं वळलंय. आता मागे रेटणारं बल विमानाच्या अंगाच्या रेषेत लागतं, धावपट्टीच्या रेषेत नाही. ते विमानाला मागेही ओढतं आणि उजवीकडेही ओढतं. वाराही उजवीकडेच ढकलतोय. दोघं मिळून विमानाला उजव्या कडेकडे नेतात, नाक मात्र डावीकडे दाखवतंय.

वर आणखी ब्रेक. टायरची जमिनीवरची पकड एकूण जेवढी असते, तीच थांबण्यासाठीही वापरायची असते आणि बाजूला न घसरण्यासाठीही. सगळी ब्रेकिंगमध्ये खर्च झाली तर दिशा धरायला काही उरत नाही. म्हणून विमान घसरू लागलं तर प्रशिक्षणात सांगितलेला उपाय माणसाच्या अंतःप्रेरणेच्या अगदी विरुद्ध आहे : ब्रेक सोडा, रिव्हर्स कमी करा, आधी विमान मध्यरेषेवर आणा आणि मग पुन्हा थांबायला लागा. कडेकडे सरकत असताना ब्रेकवरून पाय उचलायचा. हे वाचायला सोपं आहे, पण त्या क्षणी करायला सराव लागतो. आणि धावपट्टी लांब असेल तरच ते परवडतं.

न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ५ मार्च २०१५ ला डेल्टा कंपनीचं एमडी-८८ विमान बर्फ पडत असताना उतरलं. आडवा वारा मोठा नव्हता. पण या विमानाची इंजिनं शेपटीजवळ असतात, आणि रिव्हर्सचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला की त्यांचा झोत रडरवरून वाहणारी हवा अडवतो. रडर वळतं, पण त्यावर हवाच नीट येत नाही. त्या दिवशी रिव्हर्स मर्यादेपेक्षा जास्त लावलं गेलं, विमान डावीकडे वळत गेलं, बांधाला धडकलं आणि नाक खाडीच्या पाण्यावर लोंबत असताना थांबलं. जीवितहानी झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने हेच कारण नोंदवलं. वादळ नसतानाही असं होऊ शकतं, हे या अपघाताने दाखवलं.

पाण्यावर तरंगणारं चाक

पावसाचं पाणी धावपट्टीवर साचलं असेल आणि वेग पुरेसा असेल, तर टायरला पाणी बाजूला सारायला वेळच मिळत नाही. टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि डांबराला शिवतच नाही. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात यासाठी एक ढोबळ सूत्र मांडलं, ते अजून वापरात आहे. टायरमधल्या हवेचा दाब पौंड प्रति चौरस इंचात घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि नऊने गुणा. २०० पौंड दाबासाठी उत्तर येतं १२७ नॉट. मध्यम आकाराची प्रवासी विमानं साधारण याच वेगाच्या आसपास टेकतात. चाक अजून फिरू लागलंच नसेल तर नऊऐवजी ७.७ ने गुणतात आणि उत्तर १०९ नॉटवर येतं, म्हणजे तरंगण्याचा टप्पा आणखी लांबतो.

म्हणून ओल्या पट्टीवर विमान जरा जोरात टेकवतात. ‘पायलटने आपटलं’ ही प्रवाशांची तक्रार मला समजते, पण अशा हवामानात अलगद, लोण्यासारखं टेकणं ही कौतुकाची गोष्ट नसते. ठाम टेकल्याने पाण्याचा थर फुटतो, चाकं लगेच फिरू लागतात आणि वजन आल्याचं कळून स्पॉयलर ताबडतोब उघडतात. तरंगत तरंगत केलेल्या मऊ उतरण्यात हे सगळं उशिरा होतं आणि तोवर वारा आपलं काम करत असतो.

पाणी लवकर निघून जावं म्हणून अनेक धावपट्ट्यांवर आडव्या खाचा पाडतात. नोव्हेंबर २०२१ पासून धावपट्टीची अवस्था सांगायला जगभर एकच मोजपट्टी लागू झाली आहे, ६ ते ०. कोरडी पट्टी ६, नुसती ओली ५, तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं असेल तर थेट २. हा आकडा उतरतो तशी आडव्या वाऱ्याची परवानगीही उतरते. कोरड्या पट्टीवर चालणारा वारा साचलेल्या पाण्यावर चालत नाही.

हातात वेळ किती असतो?

मोठ्या विमानतळांवर धावपट्टी साधारण ४५ मीटर रुंद असते. एअरबस कंपनीच्या ए-३२० या प्रवासी विमानाच्या दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या चाकांमधलं अंतर सुमारे ९ मीटर. विमान बरोबर मध्यरेषेवर असेल तर प्रत्येक बाजूला चाकापासून कडेपर्यंत १८ मीटर उरतात. वेग १३० नॉट म्हणजे सेकंदाला ६७ मीटर. आता विमानाचा मार्ग मध्यरेषेपासून फक्त ५ अंश वळला, तर ते कडेकडे सेकंदाला जवळपास सहा मीटर वेगाने सरकतं. अठरा मीटर संपायला तीन सेकंद लागतात. विमान आधीच पाच मीटर बाजूला टेकलं असेल तर सव्वादोन.

या तीन सेकंदांत काहीतरी बिनसतंय हे जाणवायचं, कुठल्या बाजूला ते ओळखायचं, योग्य पाय दाबायचा, आणि शंभर फुटांहून लांब, साठ-पासष्ट टनांच्या विमानाने त्याला प्रतिसाद द्यायचा. ‘वैमानिकाने सावरायला हवं होतं’ असं म्हणण्याआधी हा हिशेब जरूर करून पाहावा. सावरणं शक्य असतं ते आधीपासून तयार असलेल्याला. टेकण्याच्या आधीच पाय पॅडलवर जिवंत असले पाहिजेत, आणि विमान मध्यरेषेवरच टेकलं पाहिजे. ‘थोडं बाजूला टेकलं, चालतंय’ ही सवय कोरड्या शांत दिवसांत लागते आणि तिची किंमत अशा दिवशी मोजावी लागते.

मग एक आकडा ठरवून बंदी का घालत नाहीत?

हा सर्वांत रास्त प्रश्न. प्रत्येक विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा एक आकडा असतोच. ए-३२० च्या जुन्या आवृत्त्यांसाठी तो ३३ नॉट, वाऱ्याचे अचानक येणारे झोत धरून ३८. पण तो नेमका काय आहे हे समजून घ्यायला हवं. विमानाला मान्यता मिळवताना कंपनीने कोरड्या पट्टीवर, चाचणी वैमानिकांकडून, प्रत्यक्ष उतरून दाखवलेला तो वारा असतो. नियम म्हणतो, किमान २० नॉट दाखवा, २५ च्या वर दाखवण्याची सक्ती नाही. त्या दिवशी जेवढा वारा मिळाला तेवढा नोंदला गेला. याच्यापुढे विमान उलटतं असा त्याचा अर्थ नाही, आणि याच्या आत कुणीही कधीही सुरक्षित असाही नाही.

हा गोंधळ किती खोल आहे ते १ मार्च २००८ ला हॅम्बुर्गमध्ये दिसलं. एमा नावाचं वादळ चालू होतं. लुफ्थान्साचं ए-३२० धावपट्टी २३ वर उतरत होतं, वाऱ्याचे झोत ४७ नॉटपर्यंत होते. नाक सरळ करताना वाऱ्याकडचा पंख उचलला गेला आणि डाव्या पंखाचं टोक जमिनीला घासलं. वैमानिकांनी विमान पुन्हा उचललं आणि वाऱ्याला जास्त सामोऱ्या असलेल्या ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर सुखरूप उतरवलं. कुणालाही इजा झाली नाही. जर्मन तपास यंत्रणेच्या अहवालात दोन गोष्टी ठळक होत्या. एक, पुस्तकातला तो आकडा ही मर्यादा आहे की नुसती माहिती, याबद्दल वैमानिकांमध्येच एकमत नव्हतं. दोन, एका बाजूचं चाक टेकताच विमानाच्या संगणकाने ‘आपण जमिनीवर आहोत’ असं धरून पंख सावरण्याची क्षमता निम्म्यावर आणली होती, आणि हे वैमानिकांना ठाऊक नव्हतं.

आज बहुतेक कंपन्या स्वतःची, पुस्तकापेक्षा कडक मर्यादा ठरवतात. ओल्या पट्टीसाठी वेगळी, नव्या सहवैमानिकासाठी आणखी कमी. मला हा मार्ग योग्य वाटतो, एका अटीवर : तो आकडा पाळणाऱ्या वैमानिकाला उशिराबद्दल जाब विचारला जाऊ नये.

टॉवर वारा सांगतो ना?

सांगतो, पण सहसा तो गेल्या दोन मिनिटांची सरासरी असते, आणि मोजणारं यंत्र ज्या ठिकाणी उभं आहे तिथली. तीन किलोमीटर लांबीच्या पट्टीवर एका टोकाचा वारा आणि मध्यावरचा वारा वेगळा असू शकतो. इमारती, टेकड्या, झाडी यांच्या आडून येणारा वारा तर क्षणाक्षणाला बदलतो.

२० डिसेंबर २००८ ला डेन्व्हरमध्ये कॉन्टिनेंटलचं बोइंग ७३७-५०० धावपट्टी सोडून डावीकडे गेलं आणि पेटलं. ते उड्डाण करत होतं, उतरत नव्हतं, पण यंत्रणा तीच. वारा डावीकडून होता आणि विमान डावीकडेच, वाऱ्याच्या तोंडाकडेच गेलं. वैमानिकांना सांगितलेला वारा २७ नॉटचा होता. तपासात दिसलं, की त्यांना गाठलेला झोत ४५ नॉटच्या घरातला होता. जवळच्या डोंगररांगेवरून उतरणाऱ्या हवेच्या लाटांमुळे असे झोत उठत होते, आणि विमानतळावरच्या दुसऱ्या सेन्सरवर जास्त वारा दिसत असूनही तो आकडा वैमानिकांपर्यंत पोहोचला नव्हता. कड ओलांडण्याच्या सुमारे चार सेकंद आधी कॅप्टनने उजवं रडर सोडलं होतं. तपास मंडळाने तेच प्रमुख कारण धरलं, पण सोबत हेही लिहिलं, की तो वारा त्या वैमानिकाच्या प्रशिक्षणाच्या आणि अनुभवाच्या पलीकडचा होता. जमिनीलगत असे झोत येतात तेव्हा काय होतं, हे सिम्युलेटरमध्ये खऱ्यासारखं शिकवलंच जात नव्हतं. सगळे प्रवासी वाचले.

हा अहवाल मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की त्यात वैमानिकाची चूकही नोंदली आहे आणि ती चूक ज्या व्यवस्थेतून आली तीही.

संगणकावर सोपवलं तर?

स्वयंचलित उतरण्याची सोय मोठ्या विमानांत असते, पण ती दाट धुक्यासाठी आहे. धुक्यात हवा बहुधा शांत असते. आडव्या वाऱ्यात ऑटोपायलटची परवानगी माणसापेक्षा कमी असते. ए-३२० मध्ये स्वयंचलित उतरण्यासाठी ती २० नॉट आहे. त्याच्या पुढचा वारा माणसाच्याच हाती.

न उतरण्याचा निर्णय

गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. झोत आला, विमान मध्यरेषेवरून हललं, वेग वरखाली झाला, तर इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा आणि परत फिरायचं. चाकं टेकल्यानंतरही हे करता येतं. रिव्हर्स एकदा लावलं की मात्र तो मार्ग बंद होतो आणि मग थांबायचंच. म्हणून टेकण्याआधीच्या मिनिटात घेतलेला निर्णय इतका मोलाचा.

दुर्दैवाने तो घेतला जात नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात आढळलं, की विमान नियमाप्रमाणे स्थिर नसतानाही जी उतरणी चालू असतात, त्यांपैकी फक्त सुमारे ३ टक्क्यांमध्ये वैमानिक परत फिरतात. बाकीचे उतरतात आणि बहुतेक वेळा काही होत नाही. काही होत नाही म्हणूनच सवय टिकते. इंधन, उशीर, मागे बसलेल्या दोनशे माणसांची कुजबुज, ‘आधीचं विमान उतरलं ना’ हा विचार, या सगळ्याचं ओझं त्या मिनिटात असतं. त्या ओझ्यात प्रवाशांचाही वाटा आहे. विमान अचानक वर गेलं की केबिनमध्ये उमटणारी नाराजी आणि नंतर समाजमाध्यमांवर ‘थोडक्यात बचावलो’ असा मजकूर, यातून गो-अराउंड हे अपयश असल्याचा समज पक्का होतो. प्रत्यक्षात ती सिम्युलेटरमध्ये वारंवार घोटवलेली, नेहमीची कृती आहे. वाऱ्याच्या दिवशी दोनदा फिरून शेवटी दुसऱ्या विमानतळावर गेलेलं विमान हे नीट चालवलेलं विमान असतं.

आणि कड ओलांडलीच तर

धावपट्टीची कड म्हणजे दरी नसते. मोठ्या धावपट्ट्यांच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण १४० मीटरपर्यंतची पट्टी मोकळी ठेवायची असते. तिथे उभे राहणारे दिवे आणि फलकही धक्का बसताच मोडतील असेच लावतात. त्यामुळे बाजूला घसरलेल्या बहुतेक विमानांतले प्रवासी चालत बाहेर येतात. पावसाळ्यात ती माती मऊ असते. नाकाचं चाक रुततं, कधी मोडतं, इंजिनात चिखल जातो, आणि विमान अपेक्षेपेक्षा लवकर थांबतं. पट्टा नसलेला माणूस थांबत नाही.

विमान थांबल्यावर लगेच दार उघडलं जाईलच असं नाही. एका बाजूचं इंजिन अजून फिरत असू शकतं, इंधन सांडलेलं असू शकतं, विमान कललेलं असेल तर एका बाजूची घसरपट्टी जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. कुठल्या बाजूने उतरायचं हे कर्मचारी बाहेर पाहून ठरवतात. ते सांगेपर्यंत बसून राहायचं, आणि सांगितल्यावर वरच्या कप्प्यातल्या बॅगेला हात न लावता निघायचं. विमान अर्ध्या दारांमधून ९० सेकंदांत रिकामं करता येतं हे मान्यतेच्या चाचणीत सिद्ध करावं लागतं, आणि त्या चाचणीत कुणीही बॅग काढायला थांबलेलं नसतं.